ताईच्या वेळेची चाचणी

आमच्या संगणकाच्या दुकानात नवीन मशीन जोडून झालं की ते शेवटी माझ्या टेबलावर येतं आणि मी त्याला छळतो. याला दुसरा चांगला शब्द मला सापडलेला नाही. प्रोसेसरला एक प्रोग्राम लावून द्यायचा. तो प्रोग्राम त्याला न संपणारी आकडेमोड करायला लावतो, रोजच्या वापरात कधीच पडणार नाही एवढी. प्रोसेसर तापत जातो, पडद्यावर तापमानाची रेघ चढत जाते. ती कुठं जाऊन थांबते, तिथं टिकते का, आकडेमोडीत एखादं उत्तर चुकतं का, मशीन मध्येच अडकतं का, बंद पडतं का, हे बघत बसायचं. टिकलं तर खोक्यात भरायचं, नाहीतर पुन्हा खोलायचं. जे बिघडायचं ते आपल्यासमोर बिघडू दे, गिऱ्हाइकाच्या घरी नको, असं मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते वाक्य मी अजून पाळतो.

मी मूळचा करमाडचा. आता शहरात, पुंडलिकनगरात, एक खोली घेऊन राहतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतलेली नाही. गावच्या शाळेत एकच संगणक होता. त्याच्यावर कायम चादर टाकलेली असायची आणि साहेब लोक तपासणीला आले की ती चादर निघायची. विज्ञानाच्या सरांनी एकदा शाळा सुटल्यावर मला थांबवून तो चालू करून दाखवला होता. त्या सरांचं नाव निघालं की आजही माझा हात आपोआप छातीकडं जातो. पण त्यांच्याहून मोठं ऋण ताईचं आहे. ताई माझ्याहून मोठी. बारावी झाल्यावर तिनं घरात सांगून टाकलं, मला पुढं शिकायचं नाही, मला शिलाईच आवडते. मी तेव्हा ते खरं मानलं. अर्ध्या गावाची पोलकी तिनं शिवली आणि शहरातल्या माझ्या खाणावळीचं तिच्या मशीनवर भागलं. तिला शिलाई कधीच आवडत नव्हती, हे आईनं मला फार उशिरा सांगितलं.

हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं माझ्या तोंडून कडू शब्द येणार आहेत आणि ते मला सौम्य करायचे नाहीत.

ताईला कन्नडला दिली. दाजींचा फोटो स्टुडिओ आहे. खाली रस्त्याला लागून दुकान, मागं घर, वर पत्र्याची एक खोली. त्या खोलीत संगणक. दाजी लग्नांचे फोटो काढायचे आणि ताई घरातलं आवरून त्यांच्यामागं उभी राहून बघायची, फोटो कसे निवडतात, अल्बमची पानं कशी जुळवतात. वर्षभरात ती स्वतः जुळवायला लागली. दोन वर्षांत गिऱ्हाइकं विचारायला लागली, "अल्बम वहिनींच्या हातचा ना?" ताईला आयुष्यात पहिल्यांदा तिच्या आवडीचं काम मिळालं होतं. आणि दाजींचं तोंड तेव्हापासून वाकडं झालं होतं. मला ते दिसत होतं, पण मी दुसरीकडं बघत होतो, कारण मुलीकडचे लोक असंच करतात.

त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला जेवायला बोलवायचं, अनारसे घालायचे, काहीतरी वाण द्यायचं. बहुतेक जण चांदीचं निरांजन नाहीतर तांब्याचा तांब्या देतात. दाजींनी महिना लागायच्या आधीच वडिलांना फोन केला.

"निरांजन-बिरांजन नको बरं का मामा. आमच्या घरात चांदी लई पडलीय. पाव्हणे कंप्युटरच्या धंद्यात हायेत, त्यांना म्हणावं एखादं दमदार मशीन करून द्या. जुनं आता रडायलंय."

वडील मला म्हणाले, "जावई हाय. तोंडानं मागितलं, आता नाय कसं म्हणायचं?"

मी मशीन जोडलं. प्रामाणिकपणे सांगतो, त्या दुकानातून इतकं नीट जोडलेलं दुसरं मशीन मी बाहेर काढलेलं नाही. मी ते दाजींसाठी नाही, ताईसाठी जोडत होतो. माझ्या टेबलावर ते सकाळी त्या आकडेमोडीला लावलं, संध्याकाळी मालक शटर ओढायला लागले तरी रेघ जागची हलली नव्हती.

धोंड्याच्या दिवशी आईनं पाट मांडला, मशीनच्या डब्याला, कॅबिनेटला, कुंकू लावलं, वर अनारशाचं ताट ठेवलं. दाजींनी खोक्यात डोकावून बघितलं आणि म्हणाले, "आत समदं नवंच हाय ना? का दुकानातलं उरलंसुरलं?" आणि स्वतःच हसले. आम्हीही हसलो. ताई हसली नाही. ती त्यांच्या ताटात तूप वाढत होती.

आठवडा झाला असेल नसेल, दाजींचा फोन आला.

"तुमचं मशीन बंद पडायलंय."

"कधी बंद पडतं?"

"तुमची बहीण बसली की."

मला वाटलं चेष्टा आहे. पण तिकडं कुणी हसत नव्हतं.

"मी बसलो की दुपारपर्यंत पळतं, काय होत नाय. ती बसली की तासाभरात फटदिशी बंद. रोज. आता तुम्हीच शिकलेले हायेत, तुम्हीच सांगा बिघाड कशात हाय."

मागून त्यांच्या आईचा आवाज आला, मुद्दाम मला ऐकू येईल असा. "हातगुण असतो एकेकीचा."

मी म्हटलं, "दाजी, मशीन दुकानात पाठवून द्या, मी बघतो."

"धोंड्याचं वाण माघारी धाडू? आमच्या घरात अशी रीत नाय. लोकं काय म्हणतील, जावयाला दिलं आणि परत नेलं? तुम्हालाच यावं लागंल. आणि तवर ती मशीनला हात लावणार नाय, सांगून ठेवतो. मी तसं बजावलंय तिला. नीट निघालं मशीन, तर मग कायमचंच. बायकांनी आपलं स्वयंपाकघर बघावं."

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला, भाजी आणायला बाहेर पडली होती तेव्हा केलेला. मागं टेम्पोचे हॉर्न वाजत होते. ती रडत नव्हती. ताई रडत नाही.

"ते माझं काम काढून घ्यायलेत रे," ती म्हणाली. "अधिकात लग्नं नसतात, मागच्या लग्नांचे अल्बम उरकायचे हेच दिवस. आणि मी निवडणं-टिपणं करत बसलेय. तू ये आणि काय ते शोध."

मी रजा टाकली आणि सकाळच्या एसटीनं कन्नडला गेलो. पिशवीत पेचकस, ब्रश, प्रोसेसरची उष्णता पंख्याकडं जावी म्हणून मध्ये लावायच्या थर्मल पेस्टची नळी आणि माझे चाचणीचे प्रोग्राम असलेला पेन ड्राइव्ह. उन्हाचं तर विचारूच नका. पाऊस अजून लांब होता. सकाळीच रस्त्यावरचं डांबर चपलेला धरत होतं.

दारात दाजींच्या आई होत्या. त्यांना मी मावशी म्हणतो. "आले का इंजिनेर," त्या म्हणाल्या आणि आत वळल्या. पाणी मिळालं. चहाचं कुणी विचारलं नाही.

वर पत्र्याच्या खोलीत दाजी टेबलाशी बसले होते. टेबल नवीन होतं. मशीन आल्यावर त्यांनी गावातल्या सुताराकडून खास करून घेतलेलं. वर पडदा आणि कीबोर्ड, खाली उजव्या हाताला फळ्यांचा एक बंद कप्पा, त्यात कॅबिनेट. कप्प्याला दार होतं आणि दाराला कडी-कोयंडा. दार सताड उघडं होतं, पितळी कुलूप कोयंड्यात नुसतं अडकवलेलं. कप्पा थोडा तंग आहे, हे माझ्या लक्षात आलं. पण दार उघडं असल्यानं हवा येत-जात होती, म्हणून मी पुढं काही बोललो नाही. दाजी खुर्चीतून उठले, पण खोलीतून हलले नाहीत. भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभे राहिले.

मी मशीन खोललं, धूळ बघितली, पंखा बघितला, पेस्ट पुसून नवी लावली. सगळं जागच्या जागी होतं. मग प्रोग्राम लावला. रेघ चढली. पत्र्याखाली हवाच इतकी गरम होती की ती आमच्या दुकानापेक्षा वर जाणार हे मला माहीत होतं. तशी गेली, ऐंशीच्या वर जाऊन थांबली. आणि तिथं सपाट झाली. आकडेमोडीत एकही चूक नाही. जेवणाची वेळ झाली तरी ती सपाटच.

"काय म्हणतंय?" दाजींनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. "मशीन ठीक आहे."

ते वाक्य तोंडातून निघाल्यावर मला कळलं की मी काय केलं. दाजी जिन्याशी गेले आणि खाली वाकून, सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडले, "ऐकलं का गं? तुझा भाऊच म्हणायलाय. मशीन ठीक हाय! म्हंजे खराब काय हाय ते आता तूच समज."

खालून मावशी म्हणाल्या, "मी पहिल्या दिवसापासून म्हणते. पण माझं कोण ऐकतंय?"

ताई जिन्याच्या तळाला येऊन उभी राहिली. हाताला ज्वारीचं पीठ होतं. तिनं वर माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो नव्हता. इतकंच होतं की, तूसुद्धा?

जेवायला बसलो. मावशी समोर. ताई वाढत होती. माझ्या ताटात भाकरी टाकताना ती वाकली आणि ओठ न हलवता म्हणाली, "माझ्या वेळेला लावून बघ. मी दुपारची बसते."

मी हातातला तुकडा ताटात ठेवला. मी सकाळी बसलो होतो, म्हणजे दाजींच्या वेळेला. मशीन तेच, खोली तीच, पण वेळ माझ्या बहिणीची नव्हती. आमच्या दुकानात मी कितीदा गिऱ्हाइकाला सुनावलं असेल की वापर जसा, चाचणी तशी पाहिजे.

"दाजी," मी म्हटलं, "अजून एकदा लावावं लागेल. दुपारी."

"आता काय राहिलंय?" ते म्हणाले. "तुम्हीच पास केलं ना पोरगं? का बहिणीनं कान भरले?"

"एकदा लावतो. मशीनला कुणीच हात लावणार नाही. मीसुद्धा नाही."

"बसा मग पत्र्याखाली. बसा तापत. आमची झोपायची वेळ हाय."

पण त्यांना झोपायला मिळालं नाही. मी वर जाऊन प्रोग्राम लावतोय तोवर एक गृहस्थ आले. साखर कारखान्यात नोकरीला होते, मुलाच्या लग्नाचा अल्बम स्टुडिओत होता. पांढरा शर्ट, खिशात चष्म्याचं घर, तोंडात सुपारी. अधिक महिन्यात घरी सत्यनारायण घातला होता, त्याला नवरीकडचे पाहुणे येणार, आणि त्यांच्यासमोर अल्बम ठेवायचा होता. दाजी खाली टाळत होते, पण गृहस्थ ऐकेनात.

"फोटोवाले, तुम्ही मला तीनदा उद्या म्हणलात. मला आता पानं दाखवा. निदान किती झालं ते तरी दाखवा."

दाजी नाइलाजानं त्यांना वर घेऊन आले. मी पडद्यासमोरून उठलो, खुर्ची मागं सरकवली. एवढी चाचणी उरकू द्या, मग पानं बघू, असं मी म्हटल्यावर गृहस्थ खिडकीशी पलंगावर बसले. आणि तेवढ्यात दाजी दुपारच्या सवयीनं वाकले, त्यांनी टेबलाच्या कप्प्याचं दार लोटलं, कडी घातली, कुलूप दाबलं आणि कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली ओढून बघितली. बाहेर जाताना घराला कुलूप लावतो तितक्या सहज.

मी विचारलं, "दार का लावलं?"

"रोजच लावतो. ती बसायची असली की."

"का?"

दाजी गृहस्थांकडं बघून हसले, जणू दोघं पुरुष एकमेकांना समजून घेणार होते. "मालाला कुलूप लागतं, पाव्हणे. त्या डब्याला पुढं चार भोकं हायेत पेन ड्राइव्हची. चार वर्षांचे डिझाइन हायेत त्यात. उद्या समदं उचलून कुणी माहेरी पाठवलं, आणि शहरात भाऊ हायेच तयार दुकान टाकून द्यायला, मग आम्ही काय, टाळ वाजवायचे?"

मला तेव्हा जो राग आला तसा मला कधी कुणाचा आलेला नाही. पण रेघ चालू होती. मी जिन्यातून खाली ओरडलो, "ताई, तू काय करतेस?"

"गहू निवडतेय. मावशींच्या समोर," ती म्हणाली.

"वर येऊ नकोस. काही झालं तरी येऊ नकोस."

मग मी हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीवर बसलो, म्हणजे सगळ्यांना दिसतील. खोलीत आम्ही तिघं. मशीनला कुणाचाच हात नाही.

सकाळी जिथं रेघ सपाट झाली होती, तिथं ती या वेळी थांबली नाही. आधी आवाज बदलला. कप्प्याच्या आतून पंखा मिक्सरसारखा ओढायला लागला. आत गरम झालेलीच हवा तो पुन्हा पुन्हा घेत होता आणि पुन्हा पुन्हा फेकत होता. तिला बाहेर जायला वाटच नव्हती. मी फळीला हात लावला. उन्हात उभ्या केलेल्या सायकलच्या सीटसारखी लागली. रेघ नव्वद ओलांडून गेली. आता प्रोसेसर स्वतःच काम मंद करायला लागला, जीव सांभाळायला तो तसं करतो. तरीही आकडा वरच सरकत होता. गृहस्थ सुपारी चघळायचे थांबले होते. त्यांना काही कळत नव्हतं, पण चढणारा आकडा कुणालाही कळतो.

"हे काय शंभर गाठतंय का?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात पडदा काळा झाला.

"लाइट गेली?" गृहस्थ म्हणाले. मग त्यांनी वर बघितलं. छताचा पंखा गरगरत होता. त्यांनी खाली बघितलं, माझ्या गुडघ्यांवरच्या हातांकडं, मग दाजींकडं. बाकीचं प्रकरण त्यांना चांगलंच माहीत असणार, कारण गावात काही लपत नाही.

"वहिनी तर खाली गहू निवडायल्या," ते म्हणाले. "मग आत्ता कुणाचा हात लागला म्हणायचा, फोटोवाले?"

दाजींचा चेहरा लाल झाला. "यांनी काहीतरी करून ठेवलं असंल. सकाळपासून हेच खोलून बसलेत."

"मग पुन्हा लावू," मी म्हटलं. "दार उघडा, थंड होऊ द्या, आणि उघड्या दारानं लावू. सकाळी तसंच होतं. तुम्ही इथंच उभे होतात."

"ते काय नाय उघडायचं."

"किल्ली द्या, दाजी."

"किल्ली मागणारे तुम्ही कोण?"

आता मी उभा राहिलो. माझा आवाज चढला, त्याचं मला वाईट वाटत नाही. "मी हे मशीन जोडणारा. तुम्ही ते पेटीत कोंडून मारायला काढलंत. रोज. आणि नाव माझ्या बहिणीच्या हाताचं. बंद पडलं की तिला ते परत चालूसुद्धा करता येत नव्हतं. खाली येऊन तुम्हाला झोपेतून उठवून किल्ली मागायला लागत होती. मागितली की तुम्ही काय बोलत असाल, ते मला सांगू नका."

मावशी जिन्यातून वर आल्या होत्या. "आवाज खाली घ्या. जावयाच्या घरात उभे हायेत तुम्ही."

"लई शिकले ना," दाजी म्हणाले, "म्हणून आम्हाला शिकवायला आलेत. आमच्या घरात कशाला कुलूप लावायचं ते आता करमाडवाले ठरवणार."

"ते तुमचं तुम्ही बघा," गृहस्थ म्हणाले. ते घाबरलेही नव्हते आणि कुणाच्या बाजूनंही नव्हते. "मला माझा अल्बम पाहिजे. तो कोण करून देणार, एवढंच सांगा."

याचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मी नको म्हटलं होतं, तरी ताई वर आली. पदराला गव्हाचा कोंडा लागला होता. ती माझ्याजवळ आली आणि हात पुढं केला.

"पेचकस दे."

"खबरदार," दाजी म्हणाले.

"मग किल्ली द्या," ताई म्हणाली. "काकांचा अल्बम अर्धा झालाय. उरलेला तुम्ही जुळवता का? बसा. मी उठते."

दाजींचा किल्लीवर हात होता, तो तसाच राहिला. ताई जमिनीवर मांडी घालून बसली. सुतारानं कुलपासाठी कडी-कोयंडा चांगला भक्कम ठोकला होता, पण बिजागऱ्या बाहेरून लावल्या होत्या, स्क्रूची तोंडं सरळ समोर. इतके दिवस एवढं मोठं कुलूप तिथं लटकत होतं आणि ते दार कुणीही पाच मिनिटांत काढू शकलं असतं. ताईनं कधी काढलं नव्हतं. तिनं एकेक स्क्रू काढून पलंगावर ठेवला, गृहस्थांच्या शेजारी. दार बिजागऱ्यांकडून सुटलं आणि कुलपाला लोंबकळत राहिलं. तिनं ते बाजूला वळवलं आणि आतून भट्टीसारखी वाफ आली. मावशीही मागं सरकल्या.

मी म्हटलं, "जरा थांब, गार होऊ दे."

ती थांबली. पदरानं कप्प्यात वारा घालत बसली, शेगडीला घालतात तसा. मग बटण दाबलं. मशीन चालू झालं. ती खुर्चीवर बसली, पदर खोचला आणि गृहस्थांना म्हणाली, "काका, हळदीची पानं झालीत. वरातीचे फोटो तुम्ही निवडता का मी?"

"तुम्हीच निवडा," ते म्हणाले. "फक्त माझ्या साडूचा एक मोठा घ्या. नाहीतर तो जन्मभर बोलायचा."

पडद्याच्या कोपऱ्यात मी रेघ लावून ठेवली होती. ती ताईच्या हाताखाली चढली, उतरली, पुन्हा चढली, आणि सकाळच्या जागेच्याही खालीच राहिली. भर दुपार होती. पत्रा कडकड वाजत होता. दाजी कधी खाली गेले ते मी बघितलं नाही.

निघताना मावशी ओट्यावर बसल्या होत्या. "सारखं सारखं येत जाऊ नका आता," त्या म्हणाल्या. "लेकीला बरं नसतं ते."

दाजी दुकानाच्या काउंटरवर होते. कॅमेऱ्याची काच पुसत होते. वर न बघता म्हणाले, "पाव्हणे, तुमच्या वडिलांना सांगा. धोंडा असा देतात का म्हणावं."

"सांगतो," मी म्हटलं. "कुलपाचंही सांगतो."

मी दोन्ही सांगितलं. वडील खाटेवर बसून ऐकत होते. सगळं ऐकून ते माझ्यावरच चिडले. "तुला बोलायची काय गरज होती? तू एसटीत बसून निघून आलास. ती तिथंच हाय." आईनं त्यांची बाजू घेतली. त्या दिवशी आमच्या घरात मी एकटाच पडलो, आणि दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून जास्त राग आला.

ताईचे फोन येत राहिले, भाजीच्या वेळेला. गृहस्थांचा अल्बम सत्यनारायणाच्या आधी गेला. त्यांनी पाहुण्यांसमोर तो स्वतः उघडून दाखवला आणि साडू खूश झाला. ते दार दाजींनी कोयंडा उपटून कुलपासकट काढलं आणि बाहेर गच्चीत नेऊन टाकलं. कुलूप उघडलं नाही, किल्ली अजून करगोट्यालाच आहे. मावशी त्या दारावर कुरडया वाळत घालतात. ताई रोज दुपारी बसते. दाजी तिच्याशी कामापुरतं बोलतात. कधी कधी तेवढंही नाही. ती म्हणते, मला चालतं. मला चालत नाही. पण तिथं बसायचं तिला आहे.

दुकानात मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो, मशीन कुठं ठेवणार, कशात ठेवणार, त्याच्यावर कोण बसणार आणि कोणत्या वेळेला. शेवटच्या प्रश्नावर लोक बावचळतात. मालक म्हणतात, तू मशीन विकतोस का मुलगी देतोस?

भाऊबीजेला ताई करमाडला आली. दाजींनी तिला मोटरसायकलवर आणलं, पण वळणावरच्या लिंबाखाली गाडी उभी केली आणि घरात यायला नकार दिला. वडिलांचा जीव वरखाली व्हायला लागला, जावई रस्त्यात उभा आहे म्हणून. "पाणी तरी नेऊन दे," ते मला म्हणाले. मी तांब्या आणि पेला घेऊन गेलो. दाजींनी गाडीवरून न उतरता पेला घेतला, शेताकडं बघत प्यायले.

"मशीन चालायलंय," ते म्हणाले.

"दुपारीसुद्धा?" मी विचारलं.

त्यांनी पेला माझ्या हातात दिला, किक मारली आणि कन्नडच्या दिशेनं निघून गेले. मी पेला विसळला आणि घरात गेलो. ताई ओवाळायला पाट मांडून बसली होती.